वाढीचा दाणा

आत्याबाई कोणाच्या अंगणात शिरली की तिथल्या कोंबड्या पळत नसत, माणसं पळायची. कोंबड्या उलट तिच्या पायांत घुटमळायच्या. ती वाकून एखादं पिल्लू अलगद उचलायची, त्याच्या छातीचं हाड अंगठ्याने चाचपायची, गळ्याखालची पिशवी दाबून पाहायची आणि घरच्या बाईकडे न बघताच निकाल सांगून टाकायची. "उपाशी हाये हे." नाहीतर, "याले नुसती कणी चारून राह्यली तू. अंगात काहीच नाई याच्या." नाहीतर सरळ, "हे जगत नाई आता." घरच्या बाईने तिच्यासाठी चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं असायचं. ते तिथल्या तिथे उतरायचं.

गोड बोलणं तिला येतच नव्हतं. 'बघू', 'होईल बरं' असले शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. लग्नाच्या मांडवात नवरीच्या आईला गाठून, "पोट्टी वाळली वो, खाऊ घालत जा तिले," म्हणणारी ही बाई. दवाखान्यातून घरी आणलेल्या म्हाताऱ्याच्या खाटेशी उभं राहून, "सूज त उतरली नाई, डाक्टरनं काऊन सोडलं?" असं त्याच्याच देखत विचारणारी. बोलण्याचे दोन कप्पे असतात, एक मनातला आणि एक चारचौघांतला, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी तिने ते ऐकलं असतं असं मला वाटत नाही. गावाने तिला काळ्या जिभेची म्हणून ठेवलं होतं. पुष्कळ वर्षं हे थट्टेतच चाललं.

ती माझ्या बाबांची मोठी बहीण. बाबा तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. तिला मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी करून आणली आणि वर मोठ्या मनाने सांगितलं, की तूही राहा, कोण नाही म्हणतं. ती म्हणाली, "एका खुराड्यात दोन कोंबड्या राह्यतात. मी नाई राह्यत." आणि एक खुडूक कोंबडी काखेत मारून कुरखेड्याकडच्या आमच्या गावी चालत आली. माझी आई नुकतीच गेली होती. घरात एक रडका पोरगा आणि एक न बोलणारा भाऊ होता. तिने कोंबडीला टोपलीत बसवलं, मला अंघोळ घातली आणि चूल पेटवली. त्यानंतर ते घर तिच्याच जिवावर चाललं, हे बाबांनाही माहीत होतं.

ओसरीवर तिचे पत्र्याचे तीन डबे असत आणि त्यांना हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. पहिला चिल्ल्यापिल्ल्यांचा. त्यात मका अगदी बारीक भरडलेला, भाजलेलं सोयाबीन कुटून घातलेलं. सोयाबीन आमच्या शेतातच पिकायचं, पण कच्चं ती कधीच देत नसे. "कच्चं पचत नाई त्याइले. तुले पचते का?" दुसरा डबा वाढीच्या कोंबड्यांचा, म्हणजे पंख फुटले पण अजून अंड्यावर आल्या नाहीत अशा तलंगींचा आणि नव्याने आरवायला शिकणाऱ्या नरांचा. त्यात जाडा मका, धानाचा कोंडा, तेल काढून उरलेल्या ढेपेचा चुरा आणि तलावावरच्या मासेमारांकडून आणलेले वाळके झिंगे. तिसरा अंड्यावरच्या कोंबड्यांचा. त्यात हेच सगळं, वरून तलावातल्या शिंपल्यांचा चुरा. शिंपल्या ती स्वतः वेचायची, भाजायची आणि उखळात कुटायची.

दुसऱ्या डब्यातलं तिसऱ्यात किंवा तिसऱ्यातलं दुसऱ्यात गेलं की घरात महाभारत. एकदा मी आळसाने शिंपल्यांचं खाद्य सगळ्यांपुढे फेकलं, तर मुसळ घेऊन मागे लागली. "तुरा लाल दिसला मून तलंग अंड्याले आली असं नाई होत. वाढीच्या जिवाले चुना चारला त मूतपिंड जाते त्याचं. अंडं देणारी तो चुना अंड्यात काढून टाकते. तलंगीनं कुठी टाकाचा?" हे तिला कुठून कळलं कोणास ठाऊक. चारून, मारून आणि मेलेली उघडून बघूनच कळलं असणार. कोणतंही पाखरू मेलं की ती विळ्यावर त्याचं पोट फाडायची आणि आत काय झालं ते बघितल्याशिवाय पुरायची नाही.

मलाही ती त्याच दुसऱ्या डब्यात धरायची. "वाढीचा हायेस, खा," म्हणत माझ्या भाकरीवर झिंग्यांची चटणी थापायची. मला त्या चटणीचा वास सहन व्हायचा नाही. शाळेत पोरं नाक धरायची. मी तक्रार केली तर म्हणाली, "नाक धरणाऱ्याइचे पाय पाहा कसे काड्या झाले हायेत." आज मी शिफ्टमध्ये जड काम करतो, आणि पाय दुखले की हटकून तिची आठवण येते.

तिचं सगळंच बरोबर असायचं असंही नाही. लस टोचणाऱ्या माणसाला तिने एकदा अंगणाबाहेरूनच घालवून दिलं. "चांगल्या जिवाले सुई कायले टोचता?" त्या वर्षी मर आली आणि आमचं अर्धं खुराडं रिकामं झालं. पुढच्या वेळी तीच रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि तो येताच, इतका उशीर काऊन केला म्हणून त्याच्यावर कावली. चुकले असं तोंडाने म्हणाली नाही. तेवढा कमीपणा घेणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि गावातल्या बायकांना तिचं हेच जास्त लागायचं.

मी कामासाठी घुग्घुसला, कोळसा खाणींच्या गावात आलो, लग्न झालं, तिथेच राहिलो. पुढचं सगळं मी गेलो-आलो तेव्हा पाहिलेलं आणि बाकीचं तिने व बाबांनी सांगितलेलं.

गावात एका संस्थेची गाडी आली आणि घरोघरी सुधारित जातीची पिल्लं वाटून गेली. सोबत दिलेलं खाद्य संपलं. मग आठवडी बाजारात दोन प्रकारच्या गोण्या घेऊन एक व्यापारी बसू लागला. एका गोणीवर पिवळ्या पिल्लाचं चित्र होतं, दुसरीवर लाल तुऱ्याची धष्टपुष्ट कोंबडी आणि तिच्यापुढे अंड्यांची टोपली. बायकांनी विचार केला. पिल्लं तर आपल्याकडे आहेतच, आपल्याला व्हायला हवी आहे कोंबडी. मग पिल्लाचं चित्र असलेली गोणी कशाला घ्यायची? जसं चित्र तसं पाखरू होईल. सगळ्या घरांत कोंबडीची गोणी गेली. आमच्या शेजारची शेवंताकाकी या सगळ्यांची पुढारी. ती सगळ्यांच्या वरताण. आत्याबाईच्या तिसऱ्या डब्यात शिंपल्या असतात हे तिने कुंपणावरून पाहिलं होतं. तिने गोणीतल्या दाण्यात वरून शिंपल्यांचा चुरा घातला, हाडं पक्की होतात म्हणून, आणि सगळ्यांना तसंच करायला सांगितलं.

आत्याबाईला हे समजलं तेव्हा तिने हातातलं काम टाकलं आणि घरोघर फिरली. समजावून सांगायची कला नव्हतीच. शेवंताकाकीच्या दारात उभी राहून म्हणाली, "चित्रात हाये ते खाणाऱ्याचं वय हाये वो, होणाऱ्याचं नाई. हा दाणा बंद कर. नाई त पिल्लं मरतीन."

"कायले असं अभद्र बोलतं वो बाई?" शेवंताकाकी म्हणाली. "भरल्या घरात?"

"अभद्र कायचं त्यात? मरतीन त मरतीन म्हणू नाई त काय म्हणू?"

हेच ती दुसऱ्या घरी म्हणाली, तिसऱ्या घरी म्हणाली. प्रत्येक दारात तोच एक शब्द टाकून आली. मरतीन. कोणी दाणा बदलला नाही. एका तोंडाळ बाईचं ऐकून चांगली भरलेली गोणी कोण बाजूला ठेवतं?

आणि पिल्लं मरायला लागली. मान आखडून बसायची, पाणी पीत राहायची, पायांचे सांधे सुजायचे, मागे पांढरी चुनखडी लागलेली असायची. एका घरात, मग सगळ्या घरांत. दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती, किंवा हळहळायला तरी गेली असती. ही सांगायला गेली. "म्या सांगतलं होतं ना!" आणि एवढ्याने भागलं नाही म्हणून शेवंताकाकीच्या अंगणात, जमलेल्या बायकांसमोर, तिने मेलेलं एक पाखरू विळ्यावर उघडं केलं. आतलं मूत्रपिंड सुजलेलं, काळजावर पांढरी भुकटी पसरलेली. तिने ती बोटावर घेतली आणि सगळ्यांना दाखवली. "पाहा. चुना हाये का नाई?"

तिला वाटलं, आता तर डोळ्यांनीच पाहिलं, आता पटेल. बायकांनी डोळ्यांनी पाहिलं ते असं: ही म्हणाली मरतील, पिल्लं मेली. आणि हिने मेलेल्याच्या पोटातून पांढरी भुकटी काढून दाखवली. पोटातली भुकटी हिला कशी माहीत होती? तिनेच टाकली म्हणून. शिवाय आमच्या अंगणातल्या तिच्या तलंगी तेव्हा ठणठणीत, तुरे लाल करून हिंडत होत्या. "हिच्याच काऊन वाचल्या?" शेवंताकाकीने विचारलं, आणि या प्रश्नाला गावात कोणाकडेही दुसरं उत्तर नव्हतं. दुसरं उत्तर ओसरीवर तीन डब्यांत भरलेलं होतं. ते बघायला कोणी आलं नाही.

काळ्या जिभेची थट्टा तिथे संपली आणि करणीची गोष्ट सुरू झाली. बोरिंगवर ती गेली की बायका भरलेलं पाणी ओतून देत आणि भांडी पुन्हा घासत. ती रस्त्याने निघाली की लेकरं घरात ओढली जात. कोणाच्या तरी गाईने दूध आटवलं, तेही तिच्याच नावावर. मग काही बाप्ये बाबांकडे येऊन बसले. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. एकजण फक्त म्हणाला, "भाऊ, तिले कुठीतरी ठेवून ये. लोकाइचं डोकं फिरलं त मंग आमच्या हातात नाई राह्यत." आमच्या भागात या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. असं झालेल्या बायकांचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ऐकून माहीत असतं.

बाबांनी मला फोन केला. मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो. मी शेवंताकाकीला, त्या बाप्यांना, ऐकेल त्याला सांगितलं की अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य वाढीच्या पिल्लांना चारलं तर असंच होतं, गोणीवर छापलेलंसुद्धा आहे. एकाने विचारलं, "हे तुले कोणी सांगतलं? बाईनंच ना?" म्हणजे मीही तिच्याच चेल्यांतला झालो. मी बाबांना म्हणालो, आपण पोलिसांत तक्रार देऊ, यासाठी कायदा आहे.

"मले याच गावात मराचं हाये," बाबा म्हणाले. "तू तिले घेऊन जाय."

आत्याबाई आत चुलीपाशी होती. तिला ऐकू गेलं. बाहेर आली तेव्हा मला वाटलं आता बाबांची खैर नाही, आणि खरं सांगतो, मला तसंच व्हायला हवं होतं. पण ती त्यांना काहीच बोलली नाही. गाठोडं बांधताना मला म्हणाली, "त्याचं बरोबरच हाये. एकट्यानं कुठी जाईन तो? पण त्यानं एकदा म्हणाचं होतं गा. माही बहीण तशी नाई, एवढंच. मंग गेली असती मी." माझे बाबा वाईट नव्हते. दारू पीत नव्हते, कोणाचं काही लाटलं नव्हतं. ज्या बाईने त्यांचं घर उभं केलं तिच्यासाठी त्यांना एक वाक्य बोलता आलं नाही, आणि मी त्यांना त्यासाठी अजून माफ केलेलं नाही.

तिच्या कोंबड्या कोणी घेईना. गावातली रोगराई काढायची असली की आमच्याकडे एक कोंबडी शिवेबाहेर नेऊन सोडतात. या वेळी तिच्या सगळ्या तलंगी पाय बांधून नेल्या आणि जंगलाच्या कडेला सोडल्या. आम्ही गाडीची वाट पाहत उभे होतो, तिथूनच त्या गेल्या. "आता अंड्याले येणार होत्या," ती म्हणाली. रानमांजरांनी त्या संध्याकाळपर्यंतही ठेवल्या नसतील.

घुग्घुसला आमच्या खोलीपुढे हातभर सिमेंटची जागा. वाळत घातलेल्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत काळी धूळ बसते. आत्याबाई तिथे दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकली पाहायची. माझी बायको तिला फार जपायची, पण तिला बोलतं कसं करावं हे तिलाही समजेना. भाजी खारट झाली तरी, "चांगली हाये." आमच्या पोरीला ताप आला तरी, "होईन बरा." हे शब्द तिच्या तोंडून निघालेले ऐकून मला पहिल्यांदा कसंतरीच झालं. लोक म्हणतात म्हातारपणी माणूस निवळतं. ती निवळली नव्हती. तिला घाबरवून गप्प केलं होतं.

एकदा पलीकडच्या खोलीतली बाई खोक्यात चार पिल्लं घेऊन आली. तिला कोणीतरी सांगितलं असावं की या आजीला कोंबड्यांमधलं समजतं. "आजी, पाहा ना वो, खातच नाईत." आत्याबाईचा हात खोक्यापर्यंत गेला. अंगठा एका पिल्लाच्या छातीवर टेकला. मी तिचा चेहरा पाहत होतो. तिला समजलं होतं. काय चारलं, काय चुकलं, आता काय द्यायला हवं, सगळं तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसत होतं. तिने हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

"मले नाई कळत त्यातलं," ती म्हणाली. "चांगले हायेत."

ती पिल्लं मेली. पलीकडची बाई तिला काहीच म्हणाली नाही, कशाला म्हणेल? आत्याबाई मात्र त्या दिवशी जेवली नाही. मी विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "सांगतलं असतं आन तरी मेले असते त? तुही नोकरी हाये इथी. लेकरं हायेत." मी तिला म्हणालो की इथे कोणी तसलं काही मानत नाही. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की माझाच माझ्या बोलण्यावर विश्वास राहिला नाही.

स्वतःच्या दुखण्याबद्दलही तिने अवाक्षर काढलं नाही. छातीत दुखत असणार, दम लागत असणार. विचारलं की, "बरं हाये." सगळ्या गावाच्या तोंडावर खरं बोलणारी बाई, आणि डॉक्टरसमोर खाटेवर झोपून म्हणाली, "काई नाई होत मले." डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आधी आणायला हवं होतं. दोन-तीन दिवसांत ती गेली.

तेरवी गावीच व्हावी असा बाबांनी हट्ट धरला. मला ते नको होतं. पण बाबा आता थकले आहेत, आणि तिच्यासाठी एवढं तरी करतो म्हणून रडायला लागले. मी मनात म्हटलं, करा. गाव जेवायला आलं. ज्यांनी बोरिंगवर भांडी घासली त्याही आल्या, पंगतीला बसल्या, भात मागून मागून घेतला. तिच्याबद्दल वाईट कोणी बोललं नाही. उलट म्हणत होत्या, बाईच्या शब्दात ताकद होती बाप्पा, म्हणेल ते व्हायचंच. मेल्यावर तिच्या जिभेचा रंग बदलला होता.

पंगत उठल्यावर शेवंताकाकी माझ्याजवळ येऊन बसली. तिने यंदा पुन्हा पिल्लं आणली होती. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ती हळूच म्हणाली, "एक विचारू का गा बाबू? बाई वाढीच्या पिल्लाइले काय देत होती?"

मला वाटलं, चला, उशिरा का होईना. राग गिळला आणि मी सांगायला लागलो. जाडा मका, धानाचा कोंडा, ढेपेचा चुरा, मूठभर झिंगे, आणि शिंपल्या मात्र...

"ते नाई गा," शेवंताकाकीने मला मध्येच थांबवलं. "ते मालूम हाये. दाण्यावर मंतर कोणता टाकत होती?"

मी म्हणालो, "मंतर नोहता काकी. मका होता."

हा सांगत नाही, लपवून राहिला आहे, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मग पदर सावरून ती उठली आणि घरी गेली.